पाण्याचा दगड

फायलीवर ‘किनारी ग्राम पर्यटन’ असं लिहिलेलं होतं आणि गाव मुळशीतलं होतं. यात काहीतरी चुकतंय असं ऑफिसात फक्त मलाच वाटत होतं. मी तिथली सगळ्यात नवी, त्यामुळे माझ्या वाटण्याला फारसं वजन नव्हतं.

योजना मुळात कोकणासाठी आखलेली होती. समुद्रकाठची खेडी घ्यायची, तिथं बागा, बाकं आणि राहायला चार खोल्या करायच्या, म्हणजे शहरातल्या माणसाला निसर्गाचा सहवास मिळेल आणि गावाला काम. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की पुणे जिल्ह्याला समुद्र नसला तरी धरणं आहेत आणि धरणाच्या पाण्यालाही काठ असतो. एवढ्या आधारावर समुद्र सह्याद्री चढून मुळशीत आला. छापील नमुना मात्र कोकणातलाच राहिला. त्यात ‘भरतीची कमाल रेषा’ असा एक रकाना होता, ‘दीपगृह असल्यास अंतर’ असा दुसरा, आणि झाडांच्या यादीत पहिलं नाव नारळाचं. दीपगृहापुढे आम्ही ‘नाही’ असं लिहिलं. नारळ लावायचे ठरले.

सत्तरचं दशक संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. बागांचे आणि मोकळ्या जागांचे आराखडे करणारं आमचं ऑफिस पुण्यात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. सर परदेशात शिकून आले होते आणि ‘जमीन आपल्याशी बोलत असते’ असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. येणारे बहुधा कारखानदार असत. पिरंगुटला तेव्हा कारखाने उभे राहू लागले होते आणि प्रत्येकाला फाटकापाशी एक गोल हिरवळ हवी असे, मधोमध कारंजं. उद्घाटनाच्या दिवशी कारंजं उडे. नंतर त्यात डास होत. जमीन त्यावर काही बोलत नसे.

गावाची मोजणी एप्रिलमध्ये झाली. मोजणीदार आमचे नेहमीचेच. कपाळाला गंध, काखेत छत्री आणि आकड्यांना पक्के. त्यांनी आणलेल्या नकाशात पाण्याची कड होती, काठाजवळची चौदा घरं होती, घरांमागे वर सपाट असलेलं एक टेपाड होतं आणि घरांच्या वरच्या अंगाला, पायवाटेच्या कडेला, देवळाची खूण होती. पाणी आणि घरं यांच्यामध्ये उताराची मोठी मोकळी जागा पसरलेली. सर नकाशावर ओणवे झाले आणि म्हणाले, “बघ, ही जागा आपली वाट बघतेय.”

त्या जागेत मी चाळीस नारळ काढले. काठाने फरशीची वाट काढली, बाकं, सावलीच्या छत्र्या, एक उपाहारगृह, मोटारी उभ्या करायला जागा. टेपाडावर विश्रामगृह. भरतीच्या रकान्यात काय लिहू, असं मी विचारलं तर सर म्हणाले, “धरणाला कसली भरती? एप्रिलची कड घे आणि वर दोन फूट धर.” मी धरले. त्या दिवशी मला काळजी होती ती नारळांची वर्तुळं एकसारखी येतात की नाही याची. गाव मी पाहिलंही नव्हतं.

पाहिलं ते श्रावणात. सर जाऊ देईनात. “पावसात काय दिसणार आहे तुला? सगळं हिरवं,” असं त्यांचं म्हणणं. माती बघायचीय असं सांगून मी निघाले. एसटीने पौड, तिथून दुसरी गाडी, मग दोन मैल चिखलातून पायी. नकाशाची गुंडाळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलेली. गावाशी पोचल्यावर सगळ्यात आधी कळलं ते हे, की माझी बाकं पाण्यात आहेत. बाकंच कशाला, फरशीची वाट, छत्र्या, उपाहारगृह आणि चाळीसच्या चाळीस नारळ. उतार नावाची गोष्ट तिथं शिल्लक नव्हती. पाणी सगळ्यात खालच्या घराच्या अंगणाला लागलेलं होतं.

त्या घराच्या ओटीवर एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. पन्नाशीच्या असाव्यात. नवरा पिरंगुटच्या एका कारखान्यात रखवालदार, आठवड्यातून एकदा घरी येणारा. घर, गुरं आणि भांडणं या बाईंकडे. गावात सगळे त्यांना मामी म्हणत. मीही म्हणू लागले.

“कुटनं आली गं?” त्यांनी सुपातनं मान वर न करता विचारलं. “आन ह्या पिशवीत काय, कोंबडी हाय का?”

“नकाशा आहे. तुमच्या गावाचा.”

“दाव.”

मी ओटीवर नकाशा पसरला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ओढा कुठला, पायवाट कुठली हे त्यांनी माझ्या आधी ओळखलं. मग बोट ठेवून म्हणाल्या, “हे गोल गोल काय काढलंयस?”

“नारळ.”

“हितं?” त्यांनी समोरच्या पाण्याकडे पाहिलं. “मासं पानी घालनार व्हय त्येनला?”

शेजारच्या घरातली सून हसता हसता आत पळाली. मी वही काढली. काहीतरी लिहून घेण्यानं लाज लपते, असा माझा तेव्हा समज होता.

दिवाळीनंतर धरणाच्या तळ्याचं पाणी उतरू लागलं की मधली जमीन उघडी पडे. गाळाची, काळी, ओलीगच्च. त्यात ही चौदा घरं हरभरा आणि वाल पेरत. जूनपर्यंत जमीन त्यांची, पुढे पाण्याची. सरांची वाट बघणारी जागा ती हीच. यात त्यांची तक्रार काही नव्हती. तक्रार होती ती घरांची. तळं काठोकाठ भरलं आणि त्याच वेळी डोंगरावर धो धो कोसळला, की ओढ्याला तळ्यात शिरायला जागा राहत नसे.

“मंग त्ये म्हागारी फिरतं,” मामी म्हणाल्या. “आन आमच्या घरात यून बसतं. उंबऱ्याला तर दर साली लागतं. एका साली त्या कोनाड्यापतुर आलं हुतं. दिवा उचलाया गेले तर दिवाच तरंगत माझ्याकडं आला.”

“मग घरं वर का नाही बांधली?”

“वर सरकारचं हाय.” त्यांनी हनुवटीनं टेपाड दाखवलं. “पयलं गाव पार खाली, पान्यात गेलं. सासऱ्यानी घर हितवर आनलं, तवा वाटलं लई वर आलो. आता धा सालं अर्ज करतोय, टेपाडावर चौदा घरांना जागा द्या म्हून. दर खेपेला कागूद येतो, इचार चालू हाय.” मग त्यांचं बोट पुन्हा नकाशावर आलं आणि टेपाडावर थांबलं. “हे वर काय काढलंय?”

मी सांगितलं. विश्रामगृह. पाहुण्यांसाठी.

त्यांनी सुपातले चार खडे वेचून अंगणात फेकले. “म्हंजी पावनं वर, आन आमी खाली.”

एका वाक्यात सगळा आराखडा असा आला होता. सरांना त्यासाठी सहा पानी निवेदन लागलं होतं.

नंतर त्या मला घराच्या वरच्या अंगाला घेऊन गेल्या. पायवाटेच्या कडेला कंबरेच्या वर येणारा एक काळा उभा दगड होता, अंगावर लाल पट्टे, आणि काही ठिकाणी छिन्नीनं पाडलेल्या खाचा. नकाशात देऊळ होतं ते हेच. हा दगड मामींच्या सासऱ्यांनी इथं घर आणल्यावर पुरला होता. ज्या साली पाणी दगडापर्यंत चढेल त्या साली जिथवर आलं तिथं खालच्या घरातल्या माणसानं खूण करायची. कारण पाणी आधी त्यांच्याकडे येतं, ते खोटं सांगणार नाहीत. मोठ्या पुराला खाच. पाऊस संपल्यावर दसऱ्याला सगळ्या खुणांवर तेलात कालवलेला गेरू फिरवायचा, आणि त्या दिवशी विळ्या-कोयत्यांना झेंडू वाहतात तसा यालाही वाहायचा. कुणाला गोठा बांधायचा असला तर तो आधी दगडाकडे जाऊन वरची खाच बघे. नवी नवरी आली की तिलाही खाच दाखवत, म्हणजे धान्याची कणगी कुठे ठेवायची ते तिला कळावं.

आता मोजणीदारांचं काय झालं असेल ते माझ्या ध्यानात आलं. पुण्याला परत आल्यावर मी त्यांना विचारलं, तर ते जराही ओशाळले नाहीत.

“लाल दगड, वर वाळलेला हार. मी चपला काढल्या, नमस्कार केला, पाच फूट सोडून पुढे गेलो. देवावर पट्टी ठेवायची पद्धत नाही आपल्यात.”

अख्ख्या गावात पाण्याची उंची सांगणारी एकच वस्तू होती आणि आमच्या मोजणीनं तेवढीच भक्तिभावानं वगळली होती.

गणपती झाल्यावर मी मोजणीदारांना पुन्हा गावात नेलं. तीन पायांवर लेव्हलचं यंत्र उभं राहिलं, ते डोळा लावून बसले, मी पट्टी घेऊन दगडापाशी गेले. तर तिकडून हाका: “वर नको! शेजारी ठेवा, शेजारी!” देव नाही हे त्यांना पटलं होतं, पण तरीही त्यांचं मन धजत नव्हतं. शेवटी मामींनी पट्टी माझ्या हातातून घेतली.

“आना हिकडं. चावत न्हाई त्यो.” वरच्या खाचेला पट्टी टेकवून त्या ताठ उभ्या राहिल्या. “घ्या काका, काय घ्यायाचं त्ये. हात भरून यील माझा.”

मोजणीदारांनी आकडा घेतला. मनातल्या मनात क्षमा मागून घेतला असावा, कारण त्यांचे ओठ हलत होते.

तो आकडा नकाशावर चढवला तेव्हा पाण्याची रेषा माझ्या उपाहारगृहाच्या छपरावरून गेली. खालची पाच घरं वळचणीपर्यंत बुडत होती, बाकीची कंबरेएवढी. कोरडं राहत होतं ते फक्त टेपाड. मी आठवडाभर बसून नवा आराखडा केला. चौदा घरं टेपाडावर, प्रत्येकाला पुढे ऐसपैस ओटी. पाहुण्यानं तिथंच राहावं, घरची भाकरी खावी, आणि पाणी चढताना-उतरताना बघावं. गाळाच्या जमिनीवर मी लिहिलं: ‘इथे काहीही करू नये.’ इतकं चांगलं वाक्य मी त्यानंतर कुठल्याही नकाशावर लिहिलेलं नाही.

सरांनी तो कागद बराच वेळ पाहिला. “काहीही करू नये, हे सांगायला आपल्याला कशाला बोलावतील?” ते म्हणाले. “आणि अगं, लोक निसर्ग बघायला येतात. निसर्गात राहणारी माणसं बघायला नाही.”

“पण ती बुडतात, सर.”

“ते वेगळं खातं.”

त्यांनी माझा कागद गुंडाळून कोपऱ्यात उभा केला. तो तिथं छत्र्यांच्या सोबतीला राहिला.

पुढच्या महिन्यात पर्यटन खात्याच्या मोठ्या साहेबांपुढे सादरीकरण झालं, ते पहिल्याच आराखड्याचं. त्यासाठी थर्मोकोलची प्रतिकृती केली होती. हिरव्या स्पंजाचे नारळ, आगकाडीची बाकं आणि तळ्याच्या जागी मागून निळा रंग दिलेली काच. काच अर्थातच एप्रिलच्या कडेला बसवलेली, ती वर चढण्याचा प्रश्न नव्हता. साहेब सज्जन होते. चहा येईपर्यंत त्यांनी प्रतिकृतीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि दगडाच्या जागी ठेवलेल्या टाचणीएवढ्या देवळापाशी थांबले.

“हे देवस्थान कुठलं? स्वयंभू?”

“अतिप्राचीन,” सर म्हणाले.

मी म्हटलं, “देवस्थान नाही, साहेब. पुराची खूण आहे. मामींच्या, म्हणजे तिथल्या एका बाईंच्या सासऱ्यांनी पुरलेला दगड आहे. त्याच्यावरच्या खाचेएवढं पाणी आलं तर हे,” आणि मी बोटानं नारळ, बाकं, छत्र्या, खालची घरं असं सगळं झाकलं.

शिपायानं चहाचे कप दारातच धरून ठेवले.

“बाई,” साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “दगडाला शेंदूर लागला, लोकांनी हार घातला, की झाला तो देव. हे तुम्ही-आम्ही नाही ठरवायचं.”

“शेंदूर नाही, गेरू आहे.”

“रंगाचा प्रश्न नाही हो.”

जिन्यात सर मला म्हणाले, “भर बैठकीत देवाला मोजपट्टी म्हणालीस. उद्या पेपरात आलं तर?” पुराची त्यांना तेवढी भीती वाटत नव्हती.

माघात साहेब गावात आले. दोन जीपगाड्या, सरांचा कॅमेरा, एक सतरंजी आणि नारळ. पाणी उतरलेलं, गाळाच्या जमिनीत हरभरा घाट्यांवर आलेला. सगळी मंडळी त्या हरभऱ्यातून चालत काठापर्यंत गेली आणि ‘वा’ म्हणून परत हरभऱ्यातूनच आली. मामी बांधावर उभ्या राहून प्रत्येक बुटाकडे बघत होत्या. मग सगळे दगडापाशी आले. साहेबांनी नारळ फोडला, खाचेत उदबत्ती खोचली आणि मामींना विचारलं, “काय आजी, जागृत आहे ना?”

“देव न्हाई साहेब, ह्यो,” मामी म्हणाल्या. “पानी कुटवर आलं त्याची खून हाय. आमाला वर जागा द्या. पानी घरात येतंय.”

साहेब आमच्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच कौतुक होतं. “किती साधी श्रद्धा! देवाला देव म्हणायलाही संकोचतात.” आणि लगेच त्यांनी तिथल्या तिथे निर्णय दिला. इतकं जुनं देवस्थान असं पायवाटेवर, गुरांच्या येण्याजाण्यात नको. टेपाडावर विश्रामगृहाशेजारी त्याला घुमटी बांधावी. पाहुण्यांनाही दर्शन होईल.

जीपगाड्या गेल्या आणि मामींच्या ओटीवर गाव जमलं. मी मागे थांबले होते, माझी एसटी चारला होती. गावातले एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना सगळे तात्या म्हणत, तंबाखू मळत म्हणाले, “मी म्हनतो, जाऊं द्या दगूड वर. देव झाला तर झाला. देव वर गेला की वाट हुईल, नळ यील. मंग देवाम्हागनं आपुनबी एकेक घर सरकवू. कोन हाकलतंय देवाच्या दारातनं?”

“खरंय,” दोघंतिघं म्हणाले.

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मी मामींना म्हणाले, “तात्यांचं बरोबर आहे. आकडा माझ्याकडे लिहिलेला आहे. दगड हलला तरी तो राहील. घरं वर जातील ते महत्त्वाचं.”

मामींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी नारळाची वर्तुळं दाखवली तेव्हा पाहिलं होतं.

“तुझा आकडा कुटं हाय? पुन्याला. हितं घर बांधनारा मानूस पुन्याला इचाराया जाईल का?” मग तात्यांकडे वळून, “आन तुमी म्हातारपनी येड लागल्यावानी बोलू नगा. दगूड टेपाडावर नेला, तर पन्नास सालानी पोरं काय म्हनतील? पानी टेपाडावर आलं हुतं म्हनतील. आन हितं खाली कायच न्हाई बघून पुना हितंच घरं बांधतील. दगूड हलला की खोटं बोलनार. त्यापरीस नसल्याला बरा.”

“मग जा बुडत,” तात्या चिडून म्हणाले.

“बुडतेच हाय की. तुमी काय लई कोरडं हाय?”

लोक हसले आणि तात्याही हसले, पण प्रश्न तिथेच राहिला. टेपाड मिळवण्याची त्यांच्या हातात आलेली ती एकच युक्ती होती, आणि जिचं घर सगळ्यात खाली होतं तिनंच ती मोडली. मी एसटीत बसल्यावर मला तिचा राग आला. पौड येईपर्यंत तो माझ्यावर वळला. पुराची खूण जागेवरून हलवू नये हे मी शिकताना पुस्तकातही वाचलेलं होतं, तरी तो हलवा म्हणणारी मीच होते.

दगड हलवायचा प्रश्न पुढे आपोआपच मिटला, कारण काहीच हललं नाही. साहेबांची बदली झाली. नवीन साहेबांना किनाऱ्यात रस नव्हता, त्यांना किल्ले आवडत. आमचा आराखडा मंजूर होऊन थांबला. गावात त्याचं प्रत्यक्षात उतरलं ते एवढंच: टेपाडाभोवती तारेचं कुंपण, आणि लोखंडी खांबांवर दारापेक्षा मोठा पत्र्याचा फलक, ‘नियोजित पर्यटन केंद्र. आपले स्वागत आहे.’ आधी टेपाड नुसतं सरकारचं होतं, आता ते राखीव झालं. मामींच्या अर्जाला या खेपेला उत्तर पटकन आलं. मागितलेली जागा पर्यटनासाठी राखून ठेवलेली असल्यामुळे विनंती निकाली काढण्यात येत आहे. दहा वर्षं जो विचार चालू होता तो माझ्या नकाशानं संपवला होता.

मी तीन पत्रं लिहिली. वरच्या खाचेचा आकडा, जमिनीचे आकडे, सगळं जोडून. एका पत्राला उत्तर आलं. संबंधित आकडा धार्मिक स्थळावरील असल्याने तो तांत्रिक बाब म्हणून विचारात घेता येत नाही. खाली सही, सहीखाली शिक्का. मोजणीदारांना दाखवलं तर त्यांनी ते दोनदा वाचलं आणि पहिल्यांदाच म्हणाले, “चूक झाली हो माझी.” नारळ त्यांनी काढले नव्हते.

त्या पावसाळ्यात तळं भरलं आणि ओढा मागे फिरला. माणूस किंवा जनावर दगावलं नाही, कारण पाणी दगडाच्या पायथ्याशी आलं की गुरं सोडायची हे गावात ठरलेलं होतं. चौदा घरांनी गुरं, भांडी आणि म्हातारी माणसं घेऊन टेपाड गाठलं. कुंपणाची तार कोयत्यानं तोडली. पाणी आठ दिवस घरात राहिलं.

मला हे समजलं ते दसरा टळून गेल्यावर, मोजणीदारांकडून. ते कुठल्याशा दुसऱ्या मोजणीला त्या बाजूला गेले होते. मी रविवार धरून गेले. दगडाला नवी, गेरू भरलेली खाच होती, वरच्या खाचेच्या खाली चार बोटं. खालचं घर पडलेलं. मातीच्या भिंती विरघळून कोनाड्याची तेवढी चौकट उभी होती.

मामी टेपाडावर होत्या. तेरा घरं खाली परतली होती, यांचं परतण्यासारखं राहिलं नव्हतं. जुन्या घराचे दगड एकेक करून वर आणून त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्यानं तीन भिंती रचल्या होत्या. वर छप्पर म्हणून पत्रा, आणि तो पत्रा माझ्या ओळखीचा होता. आत वाकून गेले तर डोक्यावर उलटी अक्षरं: ‘आपले स्वागत आहे.’

“बस,” मामी म्हणाल्या. “तुजंच हाय.”

“चौथी भिंत कुठाय?”

“न्हाई घालायची. तलाठी भाऊसाब आलं हुतं नोटीस घिऊन. भला मानूस. म्हनलं, मामी, राखीव जागेत घर दिसलं तर मला लिवावं लागतं. चार भितींचं आसलं तर घर. तीन भिती काय, आडोसा म्हनतो मी, गुरं बांधल्यात म्हून लिवतो.” त्यांनी माझ्या वहीकडे बोट केलं. “तुज्याकडं कागूद हाय ना? सांग मग, कंची बाजू उघडी ठेवू? आत्ता ही ठेवलीय तर परतीच्या पावसानं समदं भिजलं.”

त्यांनी पश्चिमेची बाजू उघडी ठेवली होती, तळ्याच्या तोंडाची. पाणी दिसावं म्हणून. येतंय का ते कळावं म्हणून.

मी वहीतलं पान फाडलं. वारा कुठून येतो, छपराचं पाणी कुठे पडावं, चूल कुठल्या भिंतीला असावी, हे सगळं त्यावर काढलं. उघडी बाजू पूर्वेला वळवली आणि पश्चिमेच्या भिंतीत एक झरोका ठेवला, बसल्या जागेवरून दगड दिसेल एवढा. मामींनी ते पान उभंआडवं धरून पाहिलं, झरोक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे गोल काय? नारळ न्हाई ना?”

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी एक भिंत उतरवून दुसऱ्या बाजूला चढवली. त्या गावासाठी मी काढलेल्या कागदांपैकी प्रत्यक्षात बांधलं गेलं ते एवढंच, तीन भिंती आणि एक झरोका. चौथ्या भिंतीचे दगड त्यांनी शेजारी रचून ठेवले होते, मंजुरीचा कागद आला की लगेच घालता यावी म्हणून. मी शेवटची गेले तेव्हा त्या ढिगाऱ्यावर वाल वाळत घातलेला होता.